पहिलं पितळी वाफेचं इंजिन: डुलणारं करायचं की स्लाइड व्हॉल्व्हचं?

आमच्या सोसायटीतले एक काका जूनमध्ये रिटायर झाले आणि रिटायर झाल्या झाल्या फंडातले पैसे त्यांनी काकूंना न सांगता एका मिनी लेथमध्ये, म्हणजे धातू फिरवत ठेवून कापायच्या छोट्या यंत्रात, घातले. पार्किंगच्या ज्या कोपऱ्यात पोरांच्या जुन्या सायकली गंजत पडायच्या तिथं आता टेबल, लेथ, व्हाइस आणि एक ट्यूबलाइट. मला खाली बोलावलं, चहा पाजला आणि म्हणाले, "हे बघ, पितळेचं छोटं वाफेचं इंजिन करायचंय. तू दोन्ही केलीयस. मला एवढंच सांग, ते डुलणारं करू की खरं करू?"

त्या "खरं" शब्दाशी मी जरा अडलो, कारण पहिलं इंजिन निवडताना मीही हाच शब्द मनात धरून बसलो होतो आणि त्यापायी दोन वर्षं एक अर्धवट इंजिन बुटांच्या खोक्यात पडून होतं. दर दिवाळीच्या साफसफाईत ते खोकं माळ्यावरून खाली यायचं, मी झाकण उघडून बघायचो, आणि परत वर. त्यामुळे काकांना जे सांगितलं तेच इथं जरा सविस्तर लिहितोय, ज्यांच्याकडे लेथ आहे किंवा घ्यायचा विचार आहे आणि पहिलं इंजिन कुठलं यावर घोडं अडलंय त्यांच्यासाठी.

आधी दोन्ही म्हणजे नक्की काय ते. डुलणारं म्हणजे ऑसिलेटिंग इंजिन, हा नाद असलेले सगळे त्याला वॉबलर म्हणतात. त्यात पिस्टनचा रॉड सरळ क्रँकपिनवर, म्हणजे शाफ्टच्या सेंटरपासून बाजूला असलेल्या फिरत्या पिनवर, बसवलेला असतो, मध्ये कनेक्टिंग रॉड वगैरे काही नाही. क्रँक फिरली की रॉड तिरका व्हायला बघतो, आणि रॉड वाकू शकत नाही म्हणून अख्खा सिलिंडरच एका खिळीवर डावीकडे-उजवीकडे डुलतो. गंमत अशी की हे डुलणंच व्हॉल्व्हचं काम करतं. सिलिंडरच्या सपाट पाठीला एक भोक, त्याला टेकलेल्या उभ्या पट्टीला दोन भोकं, एक वाफ आत यायचं, दुसरं बाहेर जायचं. सिलिंडर एका बाजूला डुलला की त्याच्या पाठीचं भोक वाफेच्या भोकासमोर येतं, दुसऱ्या बाजूला डुलला की बाहेरच्या. बास, एवढंच. मागून एक स्प्रिंग सिलिंडरला पट्टीवर दाबून धरते.

स्लाइड व्हॉल्व्हमध्ये सिलिंडर जागेवर घट्ट, आणि त्याच्या अंगावर एक डबी असते, स्टीम चेस्ट. डबीत इंग्रजी डी अक्षराच्या आकाराचा, आतून पोकळ असा एक छोटा तुकडा पुढेमागे सरकतो आणि तीन खाचांवरून फिरत वाफ कधी पिस्टनच्या पुढच्या बाजूला, कधी मागच्या बाजूला सोडतो. त्याला सरकवायला क्रँकशाफ्टवर एक्सेंट्रिक (मध्याबाहेर भोक असलेली गोल चकती), एक्सेंट्रिकला पट्टा, पट्ट्याला रॉड. पिस्टन रॉड सरळ रेषेत चालावा म्हणून क्रॉसहेड (सरकता ठोकळा) आणि गाइड (त्याची वाट), मग कनेक्टिंग रॉड, मग क्रँक. गावाकडे पीडब्ल्यूडीच्या आवारात गंजत उभे असलेले जुने वाफेचे रोड रोलर ज्यांनी पाहिलेत त्यांच्या डोळ्यांसमोर हेच येतं, म्हणून ते "खरं".

पण डुलणारं म्हणजे खेळणं असं समजू नका. दोन्हींच्या मागे एकच माणूस आहे, जेम्स वॅटच्या कारखान्यातला विल्यम मर्डॉक. १७८५ च्या सुमारास त्यानं डुलणाऱ्या सिलिंडरचं मॉडेल केलं, आणि डी व्हॉल्व्हचं पेटंट त्याचंच, १७९९ चं. आणि ग्रेट ईस्टर्न नावाचं ते अवाढव्य जहाज, १८५८ साली पाण्यात उतरलेलं, त्याची पॅडलची इंजिनं डुलणाऱ्याच सिलिंडरची होती. एकेक सिलिंडर ७४ इंच व्यासाचा आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, १४ फूट! असले चार. हेच जहाज १८७० मध्ये मुंबईहून एडनपर्यंत समुद्रातली तार टाकत गेलं. तेव्हा काकांना म्हटलं, मुंबईचं पाणी बघून गेलेलं इंजिन आहे ते, त्याला खोटं म्हणू नका.

बरं, आता कामाचं. माझ्या मते दोघांतला खरा फरक सोपं-अवघड असा नाहीच. वॉबलरमध्ये सगळी अचूकता एका जागी गोळा झालेली असते, एक सपाट पाठ आणि तीन भोकं. तेवढं जमलं की बाकी जरा उन्नीस-बीस चालतं. स्लाइड व्हॉल्व्हमध्ये तीच अचूकता चाळीसेक भागांत वाटलेली असते, त्यातला एकही भाग सुटा बघितला तर फार कठीण नाही, पण सगळ्यांचं एकमेकांशी पटावं लागतं. गाइड सिलिंडरच्या रेषेत नसेल तर पिस्टन रॉड आवळतो, शाफ्टचं सेंटर जरा वर गेलं तर क्रॉसहेड एका टोकाला अडतं, आणि मग आपण चुकीचाच भाग घासत बसतो, कारण नक्की कोण चुकलंय ते कळत नाही. वॉबलर चालला नाही तर शंका घ्यायला दोनच जागा असतात. नवशिक्याला याचं मोल मोठं आहे.

माझा हिशेब सांगतो. वॉबलर तीन शनिवार-रविवारांत झाला. स्लाइड व्हॉल्व्हचं आडवं इंजिन, खोक्यातली दोन वर्षं सोडून, पाच महिने. आणि त्यातले पहिले दोन महिने सिलिंडर ब्लॉकमध्येच गेले.

वॉबलर जरा जवळून बघू, कारण बहुतेकजण पहिला तोच करणार. समजा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, १० मिलिमीटर, स्ट्रोक २० मिलिमीटर, म्हणजे क्रँकपिन शाफ्टच्या सेंटरपासून १० वर. सिलिंडरची खिळी शाफ्टपासून ५० वर. क्रँक काटकोनात आली की सिलिंडर जास्तीत जास्त किती डुलेल, तर १० भागिले ५०, म्हणजे ०.२, साडेअकरा अंश. आता सिलिंडरच्या पाठीचं भोक खिळीपासून १५ मिलिमीटरवर काढलं तर ते दोन्ही बाजूंना १५ गुणिले ०.२ म्हणजे ३ मिलिमीटर सरकणार. म्हणजे पट्टीवरची दोन भोकं मध्यरेषेपासून ३-३ मिलिमीटरवर. आणि भोकाचा व्यास? इथं लोक फसतात. सिलिंडर मध्यावर असताना, म्हणजे पिस्टन अगदी वर किंवा अगदी खाली असताना, दोन्ही भोकं बंद असली पाहिजेत. ३ मिलिमीटरचं भोक काढलं तर मध्यावर त्यांच्या कडा फक्त एकमेकींना टेकतात, आणि ड्रिल जरासं जरी हललं तरी तिथून वाफ सरळ आतल्या वाटेनं येऊन बाहेरच्या वाटेनं निघून जाते, पिस्टनला काही न विचारता. म्हणून अडीचचं ड्रिल वापरायचं. तेवढंच, पण पूर्ण इंजिनाचं गणित म्हणाल तर हेच.

भोकं मोजून मारण्यापेक्षा एक पत्र्याची पट्टी करा. पट्टीला खिळीचं भोक, तिथून १५ वर ड्रिल जाईल एवढं भोक, आणि दुसऱ्या टोकाला क्रँकपिन बसेल अशी खाच. पट्टी खिळीवर अडकवायची, खाच पिनवर बसवायची, शाफ्ट फिरवून पट्टी पूर्ण डावीकडे नेली की भोकातून मागच्या उभ्या पट्टीवर ड्रिलची खूण करायची, मग पूर्ण उजवीकडे. तुमचं क्रँकचं माप जरी थोडं चुकलेलं असलं तरी भोकं त्या चुकीसकट बरोबर जागी येतात. ही पट्टी केली नव्हती म्हणून माझी पहिली उभी पट्टी भंगारात गेली.

दुसरं, पाठीचा सपाटपणा. मी पहिल्यांदा कानस मारून केला, हाताला अगदी गुळगुळीत लागत होता, पण हवा सोडली तर सगळ्या कडांनी फुसफुस. हातानं कानस मारली की कडा गोल होतातच, कितीही हात बसलेला असो. त्यावर उपाय म्हणजे जाड काचेचा तुकडा, त्यावर आधी ६०० आणि मग १००० नंबरचा वॉटर पेपर, दोन थेंब तेल. पाठ परमनंट मार्करनं काळी करायची आणि आठच्या आकड्यासारखी फिरवायची (इंग्रजी आठ, आपला ८ नव्हे, त्याचा उपयोग नाही). चार फेऱ्यांनी उचलून बघा, काळं जिथं राहिलंय तो खड्डा. सगळं काळं गेलं आणि एकसारखी मंद चमक आली की थांबा. मग दोन्ही तुकडे तेल लावून एकमेकांवर ठेवले आणि वरचा उचलला तर खालचा क्षणभर सोबत यायला बघतो. तो क्षण आला की पाठ झाली. आणि खिळी त्या पाठीला अगदी काटकोनात हवी, ती लेथवर किंवा ड्रिल प्रेसवरच करा, हातातल्या ड्रिल मशीननं नको, नाहीतर एवढं घासून उपयोग शून्य.

आता स्लाइड व्हॉल्व्हकडे. त्याचा जीव सिलिंडर ब्लॉकमध्ये. व्हॉल्व्हखालच्या तीन खाचा, दोन वाफेच्या आणि मधली जरा रुंद, एक्झॉस्टची. त्या खाचांपासून सिलिंडरच्या दोन्ही टोकांपर्यंत आतून वाट काढायची, म्हणजे २ मिलिमीटरचं लांब ड्रिल तिरकं घालायचं, तेही बोअर आधीच पूर्ण झालेल्या ब्लॉकमध्ये. पितळ ड्रिलला ओढून घेतं, हे ज्यांनी केलंय त्यांना माहितीय, आणि माझं ड्रिल शेवटच्या वाटेत तुटलं. शेवटच्या. बाकी सगळं झालं होतं. तिथंच ते खोक्यात गेलं.

दोन वर्षांनी एका घड्याळ दुरुस्ती करणाऱ्या आजोबांनी इलाज सांगितला, तुरटी! तुरटीचं कडक पाणी करायचं, काचेच्या बरणीत ब्लॉक बुडवायचा, बरणी गरम पाण्यात ठेवायची आणि पाणी गार झालं की बदलायचं. तुरटी लोखंड खाते, पितळाला फारसं काही करत नाही. स्वस्तातलं साध्या कार्बन स्टीलचं ड्रिल होतं म्हणून पाच दिवसांत काळा गाळ होऊन निघून आलं, चांगल्या हायस्पीडचं असतं तर जास्त वेळ लागला असता. आयुष्यात स्वस्त माल घेतल्याचा फायदा झाला तो तेवढाच.

आणि एक्सेंट्रिक. क्रँकच्या ९० अंश पुढे, आणि वर अजून थोडं. हे "अजून थोडं" कागदावर काढता येतं पण मी डोळ्यानं लावतो. स्टीम चेस्टचं झाकण काढायचं, पिस्टन एका टोकाला न्यायचा आणि व्हॉल्व्हच्या कडेला बघायचं, खाच केसाएवढी उघडलेली दिसली पाहिजे. मग दुसऱ्या टोकाला न्यायचा, तिथंही तेवढीच. एकीकडे जास्त आणि दुसरीकडे बंद असेल तर रॉडची लांबी चुकलीय, दोन्हीकडे सारखंच कमी असेल तर एक्सेंट्रिक फिरवायचं. हे काम करताना मला जेवायला हाका मारून घरचे थकतात. वॉबलरमध्ये यातलं काहीच नाही, तिथं टायमिंग एकदा भोकं मारली की कायमचं, बरोबर असो की चूक.

मग स्लाइड व्हॉल्व्हचा फायदा काय? ताकद. तो दोन्हीकडून ढकलतो, एका फेरीत दोन धक्के. साधा वॉबलर एकदाच ढकलतो, उरलेली अर्धी फेरी फ्लायव्हीलच्या, म्हणजे शाफ्टवरच्या जड चाकाच्या, जिवावर. वरच्याच मापाचा सिलिंडर घेतला तर पिस्टनचं क्षेत्रफळ पाऊण चौरस सेंटिमीटरच्या जरा वर, २ बार दाबाला जोर दीड किलोच्या आसपास. छोटी होडी ढकलायला किंवा खेळण्यातल्या मोटरचा डायनामो करून एक एलईडी लावायला हे भरपूर होतं. पण दाब वाढवत गेलात तर वॉबलरची स्प्रिंग हरते, सिलिंडर पट्टीवरून उचलला जातो आणि वाफ मध्येच निसटते, स्प्रिंग आवळावी तर घर्षण वाढतं. म्हणजे त्याला एक छत आहे. स्लाइड व्हॉल्व्हमध्ये उलट, वाफेचाच दाब व्हॉल्व्हला खाचांवर दाबून धरतो. ज्यांना पुढे जाऊन लहान लेथ किंवा पंप चालवून दाखवायचाय त्यांना शेवटी तिकडेच जावं लागणार.

दिसण्याबद्दल वाद नाही. हॉलमध्ये शोकेसमध्ये ठेवायला स्लाइड व्हॉल्व्हचं आडवं इंजिन, चालू असताना तो क्रॉसहेड आणि एक्सेंट्रिकचा रॉड एकमेकांशी पाठशिवणी खेळतात ते बघत राहावं असं. वॉबलर मात्र चालताना विनोदी दिसतो, मान हलवणाऱ्या नंदीबैलासारखा. लहान मुलांना तोच जास्त आवडतो हे मी शंभर टक्के सांगतो.

माल आणि पैसा. पितळेचा रॉड घेताना टर्निंगचा, म्हणजे फ्री कटिंगवाला मागा, त्यात थोडं शिसं असतं त्यामुळे चिप तुटून वाळूसारखी उडते (चष्मा घाला, थट्टा नाही, आणि काम झाल्यावर हात धुतल्याशिवाय चहाचा कप उचलू नका). पुण्यात मी बोहरी आळीत फिरून आणि थोडं भंगारवाल्यांकडून जमवतो. मी घेतलं तेव्हा सातशे-आठशे रुपये किलोच्या घरात पडलं, आणि कापून देणारे किमान लांबीचीच देतात तेव्हा थोडं उरणारच. वॉबलरला सगळं मिळून किलोभर पुरतं. त्यात एकटं फ्लायव्हीलच, ६० व्यासाचं आणि १२ जाडीचं, पावणेतीनशे ग्रॅमच्या वर जातं. स्लाइड व्हॉल्व्हच्या इंजिनाला बेडसकट (खालच्या बैठकीसकट) मला तीन किलो लागलं, त्यात वाया गेलेला एक स्टीम चेस्ट धरून. पैशांपेक्षा जास्त फरक टूल्समध्ये पडतो. वॉबलरला एम ३ आणि एम ५ चे टॅप (आटे पाडायला), १० चा रीमर (भोक नेमक्या मापाचं करायला), एवढ्यावर भागतं. स्लाइड व्हॉल्व्हला एम २ चे टॅप लागतात, ते मोडतात, मग परत आणा. फोर जॉ चक (चारही जबडे वेगवेगळे सरकणारा) लागतो, डायल गेज लागतो, खाचांसाठी बारीक एंड मिल आणि ते धरायला काहीतरी मिलिंगची सोय.

पितळेसाठी एक गोष्ट आधीच करून ठेवा, ड्रिलच्या धारेवर ऑइल स्टोननं दोन हलके हात मारून धार थोडी बोथट, म्हणजे पुढून सपाट करा. मग ड्रिल पितळेत स्क्रूसारखं घुसत नाही. ही ड्रिल वेगळ्या डबीत ठेवा, लोखंडाला ती नीट चालत नाहीत. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर तुरटीची वेळच आली नसती.

लेथ नसेल तर? वॉबलर तरीही होतो. चांगली पितळी नळी, त्यात बसणारा रॉड पिस्टन म्हणून, ड्रिल प्रेस, आणि फ्लायव्हील एखाद्या टर्नरकडून फिरवून घ्यायचं. टर्नरला स्केच नेऊन द्या, तोंडी सांगू नका, आणि दुपारी जा, सकाळी त्यांचं प्रॉडक्शन चालू असतं. स्लाइड व्हॉल्व्ह लेथशिवाय करण्याचा विचार सोडून द्या.

तिसरा एक पर्याय लोक विचारतात, परदेशातून कास्टिंगचा, म्हणजे ओतीव भागांचा, सेट मागवणं. इंग्लंडमधलं स्टुअर्टचं १० व्ही सगळ्यात प्रसिद्ध, पाऊण इंच बोअर, पाऊण इंच स्ट्रोक, उभं स्लाइड व्हॉल्व्ह इंजिन. वस्तू उत्तम आहे, पण पहिल्यासाठी मी नाही म्हणेन. एक तर शिपिंग आणि कस्टम धरून हिशेब केला की पोटात गोळा येतो. दुसरं म्हणजे त्यातले मोठे भाग बिडाचे असतात, तुम्हाला तर सगळं पितळी चमकणारं हवंय. तिसरं, ड्रॉइंग इंचात आणि आटे बी.ए. चे (जुन्या ब्रिटिश मापाचे), जे टॅप आपल्याकडे सहज मिळत नाहीत, मग ६ बी.ए. च्या जागी एम ३, ८ बी.ए. च्या जागी एम २ असं बदलत बसा. आणि मुख्य म्हणजे कास्टिंग बिघडलं की हात थरथरतात, कारण तसं दुसरं जवळ नसतं. रॉडमधून करताना चुकलं तर पुढचा तुकडा कापायचा, एवढंच. तयार चालणारं इंजिन हवं असेल तर जर्मन विलेस्को वगैरे आहेतच, पण मग हा लेख तुमच्यासाठी नाही.

आता बॉयलर, आणि इथं मी जरा कडक बोलणार आहे. इंजिन आणि बॉयलर हे दोन वेगळे निर्णय समजा. पहिलं इंजिन हवेवर चालवा. गाडीच्या टायरमध्ये हवा भरायचा बारा व्होल्टचा पंप पुरतो. वरच्या मापाचा वॉबलर मिनिटाला ६०० फेऱ्यांनी पळाला तर दर मिनिटाला लिटरभर हवा सुद्धा लागत नाही, २ बार दाबाची. पाठ चांगली बसली असेल तर तोंडानं फुंकूनही चालतो, माझा चालतो, भाचा आला की पहिलं तेच करतो, गाल फुगवून लाल होईस्तोवर. इंजिन तपासायला याहून चांगलं गेज नाही.

वाफेवरच चालवायचं म्हणाल तर बॉयलर पितळेचा करू नका. इंजिन पितळेचं चालतं कारण ते थोडा वेळ वाफ बघतं, बॉयलर तासन् तास उकळतं पाणी बघतो. त्यात पितळेतलं जस्त हळूहळू पाण्यात जातं आणि मागे उरतं ते स्पंजासारखं पोकळ तांबं. वरून तसंच पिवळं दिसत राहतं, हाच धोका. तांब्याची नळी, तांब्याची झाकणं, बुश (जोडण्या बसवायच्या कड्या) गनमेटल किंवा ब्राँझचे. झाळायचं ते सिल्व्हर सोल्डरनं, साध्या डाकानं नाही. साधा शिशा-कथलाचा डाक १८३ अंशाला वितळायला लागतो. ३ बार दाबाची वाफ १४४ अंशांची, म्हणजे पाणी आहे तोवर फरक बरा वाटतो, पण पाणी संपलं आणि खाली जाळ चालू राहिला तर तो फरक मिनिटात संपतो. सिल्व्हर सोल्डर सहाशे अंशांच्या वर वितळतं. चांदीचा भाव बघता त्याची एक कांडी घेताना सोनाराच्या दुकानात आल्यासारखं वाटतं, पण इथं काटकसर नको. तांब्याचं काम जमत नसेल तर कसब्यात तांबट आळीत झाकणं ठोकून मिळू शकतात, पण झाळणं मी स्वतः करतो किंवा माहितीतल्याकडून, कारण नेहमीची भांडी आणि दाबाचं भांडं यात फरक आहे.

सेफ्टी व्हॉल्व्ह हवाच. आणि वाफ करण्याआधी बॉयलर पूर्ण गार पाण्यानं भरून, आतली हवा सगळी काढून, चालवायच्या दाबाच्या दुप्पट दाब द्यायचा, अर्धा तास. पाण्यानं का, तर फुटलं तर नुसतं पाणी टपकतं. हवेनं हीच टेस्ट केली तर तो बॉम्ब आहे. आपल्या कायद्यात २५ लिटरपेक्षा लहान भांडं बॉयलर म्हणून धरलंच जात नाही, आपले तर पाव लिटरचे. त्याचा अर्थ सूट मिळाली असा काढू नका. तपासायला कुणी येणार नाही, इन्स्पेक्टर तुम्हीच.

वाफेवर दोन्ही इंजिनं थोडी वेगळी वागतात. गार इंजिनात पहिली वाफ गेली की तिचं पाणी होतं. वॉबलर ते थुंकून टाकतो, पाठ जराशी उचलली जाते, दोन-चार पिचकाऱ्या उडतात, शर्टावर तेलाचे डाग पडतात आणि तो पळायला लागतो. स्लाइड व्हॉल्व्हच्या सिलिंडरला दोन्ही टोकांना पाणी काढायचे छोटे कॉक ठेवावे लागतात आणि सुरुवातीला ते उघडे ठेवून हातानं फिरवावं लागतं, नाहीतर पिस्टन आणि झाकणाच्या मध्ये पाणी अडकून काहीतरी वाकतं. तेल दोघांनाही घट्ट, स्टीम सिलिंडर ऑइल, ४६० ग्रेडचं. शिलाई मशीनचं तेल वाफेपुढे पाच मिनिटं टिकत नाही. पाण्याचा खर्च वरच्या वॉबलरला हिशेबानं मिनिटाला दीड ग्रॅम येतो, पण गळती आणि थंड होणं धरून मी दुप्पट धरतो, म्हणजे १०० मिली पाण्यात अर्धा तास.

तर काकांना मी काय सांगितलं? वॉबलर करा, हवेवर चालवा, आणि तो करताना त्याच मापाचं फ्लायव्हील आणि त्याच मापाचा शाफ्ट करा जो पुढे स्लाइड व्हॉल्व्हच्या इंजिनाला लागेल. म्हणजे दुसऱ्या इंजिनाचे दोन भाग आधीच तयार, आणि हात बसलेला. ज्यांनी आधी कारखान्यात लेथवर वर्षं काढलीत त्यांनी सरळ स्लाइड व्हॉल्व्हला हात घातला तरी माझं काही म्हणणं नाही, त्यांना फोर जॉ चकमध्ये एक्सेंट्रिक सेट करणं म्हणजे पोळीवर तूप लावण्यासारखं. काका बँकेत होते.

काकांनी ऐकलं, पण भोकं मात्र ३ चीच मारली, म्हणे अडीचचं ड्रिल सापडेना. इंजिन एका जागी आलं की नुसतं फुस्स करून थांबायचं, फुंकलेली हवा सरळ दुसऱ्या भोकातून त्यांच्याच अंगावर. मग दोन्ही भोकांत एम ४ चे आटे पाडले, पितळी स्क्रू लॉकटाइट (आटे चिकटवायचा गोंद) लावून ठासले, घासून पाठीबरोबर केले, आणि पत्र्याची पट्टी लावून परत अडीचची मारली. बुजवलेल्या स्क्रूचे दोन गोल आता नीट बघितलं तरच दिसतात. दिवाळीच्या पाडव्याला रात्री साडेदहाला पार्किंगमधून फोन आला, "ऐक," आणि फोन इंजिनाजवळ धरला. टकटकटकटक. मागून काकूंचा आवाज, "अहो, झोपा आता."

गेल्या आठवड्यात त्यांनी सिलिंडर ब्लॉकसाठी ४० बाय ४० चा पितळी ठोकळा कापून आणला. या वेळी काकूंना सांगून.